मोटारींतील अबोला

आमच्याजवळ मोटार आहे असें म्हटलें, म्हणजे या वार्षिकाच्या वाचकांपैकीं जे आमचे जुने विद्यार्थी आहेत ते हंसतील; कारण त्यांनीं आम्हांस वर्षानुवर्षें सायकलीवरूनच शाळेच्या फाटकांत शिरतांना पाहिलें आहे. मोटार आहे हें खरें. पण ती दुसऱ्याच्या हातची, आठ वर्षें वापरलेली, आणि मातुःश्रींस एस्. टी. ची पायरी चढवेनाशी झाली म्हणून घेतलेली. पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या मनुष्यास आपल्या गाडीच्या पोटांत काय चाललें आहे हें ठाऊक असावें, अशी लोकांची समजूत असते. आमचीहि तशीच समजूत होती. ती कशी दूर झाली, तें सांगावयाचें आहे.

सन २०२४ च्या जुलै महिन्यांत एके दिवशीं सायंकाळीं आम्ही पांचगणीहून वांईस उतरत होतों. शेजारीं घरांतील मंडळी, मागें मातुःश्री, आणि पसरणीच्या घाटांत पाऊस असा कीं, समोरची गाडी आधीं ऐकूं यावी व मग दिसावी. अशा वेळीं सुकाणूपुढील फलकावर एकाएकीं दिवे लागूं लागले. एक पिंवळा, त्याच्या शेजारीं दुसरा पिंवळा, मग एक तांबडा, मग सुकाणूच्या चक्राचें चित्र असलेला आणखी एक. वेग दाखविणारा कांटा, गाडी उतारावरून चालत असतांना, शून्यावर जाऊन स्वस्थ निजला. मातुःश्रींनीं मागून विचारलें, "काय रे, यंदा नाताळ लवकर आला?"

आम्हांस हंसूं आलें नाहीं. ब्रेक नेहमीप्रमाणें लागत होता, एवढें पहिल्याच वळणावर अजमावून पाहिलें. बंद पडलें होतें तें ए. बी. एस्.; म्हणजे ओल्या रस्त्यावर ब्रेक जोरानें दाबला असतां चाकें जखडून गाडी घसरूं नये म्हणून क्षणोक्षणीं दाब सोडणारी व पुन्हा धरणारी योजना. निदान ती बंद पडली आहे असें तो पिंवळा दिवा सांगत होता. दिव्याच्या बोलण्यावर कितपत विश्वास ठेवावा, तें पुढें येईल. मंद गतीनें, प्रत्येक वळणावर मनांतल्या मनांत प्रार्थना करीत, आम्ही खालीं उतरलों. दुसऱ्या दिवशीं ऊन पडलें. गाडी सुरू केली तों सर्व दिवे विझलेले, कांटा शहाण्यासारखा वर चढूं लागलेला. जणूं घाटांत कांहीं झालेंच नव्हतें.

आठ दिवसांत हाच प्रकार आणखी दोन वेळां झाला, तेव्हां आम्ही शहरांतील एका मोठ्या दुरुस्तीगृहांत गेलों. तेथें कांचेच्या भिंती, गार हवा, आणि आल्याबरोबर चहा. एका तरुणानें सुकाणूच्या खालच्या खोबणींत आपलें तपासणीयंत्र खोंचलें. या यंत्रास कारागीर 'स्कॅनर' म्हणतात. गाडींतील निरनिराळे नियंत्रक आपापल्या नोंदवहींत ज्या तक्रारी लिहून ठेवितात, त्या तें वाचून दाखवितें. इंजिनाच्या नियंत्रकानें लिहिलें होतें: ए. बी. एस्. शीं संपर्क तुटला. सुकाणूस साहाय्य करणाऱ्या नियंत्रकानें तेंच लिहिलें होतें. फलकाच्या नियंत्रकानें तेंच. दारें व दिवे पाहणाऱ्या नियंत्रकानेंहि तेंच. चौघांच्या वहींत एकच खूण होती, यू-०१२१. चार साक्षीदार एकमुखानें बोलत असतां पांचव्यास निर्दोषी कोण म्हणणार? ए. बी. एस्. चा नियंत्रक निकामी झाला आहे, नवा घालावा लागेल, असा निकाल मिळाला. खर्च ३८,००० रुपये. आमच्या कन्येच्या महाविद्यालयाच्या शुल्कासाठीं बाजूस काढून ठेवलेली रक्कम याच्या फार वर नव्हती. परंतु घाट, पाऊस आणि मातुःश्री हीं तिन्हीं डोळ्यांपुढें उभीं राहिलीं आणि आम्हीं मान डोलाविली.

नवा नियंत्रक बसला. तीन दिवस गाडी उत्तम चालली. तिन्ही दिवस कोरडे होते, हें आमच्या ध्यानांत आलें नाहीं. चौथ्या दिवशीं पाऊस आला आणि दिवेहि आले.

आतां थोडें थांबून हे नियंत्रक एकमेकांशीं बोलतात तरी कसे, हें सांगणें अवश्य आहे. विद्यार्थिमित्रांनीं हा भाग गाळूं नये. गोष्टीचें सर्व मर्म येथेंच आहे.

जुन्या मोटारींत बटणापासून दिव्यापर्यंत एक तार, टाकीपासून कांट्यापर्यंत दुसरी, असा सरळ व्यवहार असे. पुढें इंजिन, ब्रेक, गिअर यांवर देखरेख करणारे विजेचे छोटे मेंदू आले, आणि प्रत्येकास दुसऱ्याकडील माहिती हवी झाली. प्रत्येक जोडीसाठीं निराळी तार ओढूं गेल्यास गाडीची मोळी झाली असती. म्हणून जर्मनींतील बॉश कंपनीनें सन १९८३ मध्यें एक नवी पद्धति योजण्यास आरंभ केला. उवे कीन्के हे त्या कामांतील प्रमुख. सन १९८६ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं भरलेल्या मोटार-अभियंत्यांच्या परिषदेंत ती जगापुढें मांडण्यांत आली. 'कंट्रोलर एरिया नेटवर्क' हें तिचें नांव. कारागिरांच्या तोंडीं नुसतें 'कॅन'. आज साधारण मोटारींतहि हीच पद्धति असते.

तिच्यांत सर्व नियंत्रक दोनच तारांवर लटकलेले असतात, जसे एका सडकेच्या दोहों बाजूंस वाडे. सडकेवरून कोणीहि बोलावें व सर्वांनीं ऐकावें. येथें मुख्याध्यापक नाहीं, घंटा वाजविणारा शिपाई नाहीं. संदेशावर पत्त्याच्या ऐवजीं विषयाचा क्रमांक असतो. 'चाकांचा वेग अमुक आहे' एवढें बोलून नियंत्रक मोकळा होतो, आणि ज्यास गरज असेल तो तें उचलतो. दोघांनीं एकाच क्षणीं तोंड उघडलें तर ज्याचा क्रमांक लहान त्याचें बोलणें पुढें जातें. कारण प्रत्येक जण बोलतां बोलतां स्वतःच्या कानानें सडक ऐकत असतो, आणि आपल्यापेक्षां महत्त्वाचें कांहीं चाललें आहे असें कळतांच गप्प होऊन वाट पाहतो. पहिल्याच्या बोलण्यांतील एक अक्षरहि वायां जात नाहीं. आमच्या शिक्षकसभांत वीस वर्षें बसून आम्हांस ही युक्ति कोणाच्याहि ठायीं आढळली नाहीं; स्वतःच्याहि नाहीं.

या दोन तारांस पीळ घातलेला असतो. सुंभ जळलें तरी पीळ जात नाहीं, ही म्हण आपण दोष दाखविण्याकरितां वापरतों. येथें मात्र पीळ हाच गुण आहे. स्वस्थ असतां दोन्ही तारांवर सुमारें अडीच व्होल्ट दाब असतो. बोलावयाचें झालें कीं एक साडेतीनपर्यंत चढते व दुसरी दीडपर्यंत उतरते, आणि ऐकणारे केवळ दोहोंमधील अंतर पाहतात. इंजिनाच्या ठिणग्यांचा वा इतर यंत्रांचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडतो. त्यामुळें अंतर होतें तसेंच राहतें. सडकेच्या दोन्ही टोंकांस १२० ओहमचा एकेक रोध जोडलेला असतो. तो नसेल तर रिकाम्या उपासनामंदिरांत भिंतीवर आपटून आपलाच शब्द परत येतो तसें होतें, आणि बोलणें घोटाळतें. १२० चे दोन रोध समांतर जोडले तर एकंदर रोध किती, हें उदाहरण इयत्ता दहावीनें तोंडीं करावें. उत्तर ६० येतें. तें लक्षांत ठेवावें.

आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष वाटली. प्रत्येक नियंत्रक स्वतःच्या चुका स्वतः मोजतो. पाठवितांना चूक झाली कीं त्याच्या खात्यांत आठ वाढतात, आणि बिनचूक पाठविलें कीं एक कमी होतो. हा आंकडा २५५ च्या पलीकडे गेला कीं, आपल्या बडबडीनें इतरांचें काम अडूं नये म्हणून तो आपण होऊन सडकेवरून बाजूस सरतो.

आतां त्या चार साक्षींकडे वळूं. ए. बी. एस्. चा नियंत्रक चाकांचा वेग सेकंदाच्या शंभराव्या किंवा पन्नासाव्या हिश्शाएवढ्या अंतरानें सारखा पुकारीत असतो. हा पुकारा ऐकूं येईनासा झाला कीं इतर सर्व जण आपापल्या वहींत 'संपर्क तुटला' असें लिहितात, आणि फलकाचा नियंत्रक पिंवळा दिवा लावितो. म्हणजे तो दिवा ए. बी. एस्. नें लाविलेलाच नसतो! तो बिचारा पलीकडे कदाचित् आपलें काम नेटानें करीतहि असेल. यू-०१२१ या खुणेंत एवढेंच असतें कीं, आम्हांस त्याचें ऐकूं आलें नाहीं. तो मेला कीं त्याचा अन्नपुरवठा तुटला, कीं त्याच्या दारापासून सडकेपर्यंतची वाट खचली, हें त्या चौघांपैकीं कोणासच ठाऊक नसतें. ईयोबाचे मित्र त्यास दोष देण्यापूर्वीं निदान सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्यानें बसले होते. येथें एक सेकंदहि कोणी बसत नाहीं.

हें सर्व आम्ही आज सुबोधपणें लिहीत आहों. त्या चौथ्या दिवशीं मात्र आम्हांस यांतील कांहींच ठाऊक नव्हतें. आम्ही पुन्हा त्या दुरुस्तीगृहांत गेलों. तेथील मंडळींनीं गाडी पाहिली, आपसांत कांहीं बोलली, आणि मग गाडींतील संगीतयंत्राकडे बोट केलें. हें बाहेरून बसविलेलें आहे. असल्या कामांत तारांस धक्का लागतो. आतां गाडींतील संपूर्ण तारा बदलाव्या लागतील. किती लागतील हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

तें संगीतयंत्र दोन महिन्यांपूर्वीं आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानें बसविलें होतें. हा गृहस्थ आतां तिशींत आहे. गांवाबाहेरच्या रस्त्यावर पत्र्याच्या आडोशाखालीं त्याचें मोटारींच्या विजेच्या कामाचें दुकान आहे. (हा लेख छापण्यापूर्वीं आम्हीं त्यास वाचून दाखविला आहे. "सगळं लिहा, सर, फक्त नाव नका घालू," असें तो म्हणाला.) गाडी बिघडल्यावर आम्ही प्रथम त्याच्याकडे कां गेलों नाहीं? याचें खरें उत्तर असें कीं, तो नववींत दोनदां नापास झाला होता. संगीतयंत्र बसविण्यापुरता तो ठीक. ब्रेकची बाब त्याच्या हातीं कशी द्यावी? आतां तर त्याचाच अपराध आहे असें जाणत्या लोकांनीं सांगितलें होतें. आम्ही रागानेंच त्याच्या दुकानापुढें गाडी उभी केली व वर्गांत बोलावें त्या सुरांत सर्व हकीकत ऐकविली.

त्यानें मध्यें एकदांहि तोंड घातलें नाहीं. आमचें बोलणें संपल्यावर म्हणाला, "आधी माझंच काम काढून बघू, सर." आणि खरोखरच त्यानें पहिल्यानें तें संगीतयंत्र सोडवून, त्याच्या सर्व तारा मोकळ्या करून, गाडीच्या मूळच्या तारा होत्या तशा जोडल्या. मग विचारलें, "हे केव्हा केव्हा होतं?" आम्हांस हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. विचार करूं लागतों तों प्रत्येक वेळीं पाऊस होता, हें आमच्या तोंडून आमच्याच कानीं आलें. "मग कोरड्या गाडीत काही सापडायचं नाही," तो म्हणाला. "आजची रात्र उघड्यावर राहू द्या."

रात्रीं पाऊस झाला. सकाळीं आम्ही गेलों तेव्हां सर्व दिवे पेटलेले होते, आणि तो समाधानानें चहा पीत होता. संगीतयंत्र बाजूस पडलें होतें. तें नसतांनाहि दिवे लागले, याचा अर्थ काय तो आम्हांस समजला. त्यानें बोलून दाखविला नाहीं.

त्याच्याजवळ स्कॅनर होता, पण तो पेटींतच राहिला. त्यानें बॅटरीची तार सोडविली आणि एक साधा मीटर घेतला. आपल्या प्रयोगशाळेंत आहेत तसलाच, किंबहुना जुनाच. सुकाणूखालच्या त्या खोबणींत सोळा घरें असतात. त्यांतील सहावें व चौदावें हीं कॅनच्या दोन तारांचीं. दोहोंवर मीटरच्या सुया टेकविल्या. आंकडा आला ६०. म्हणजे सडक शाबूत, दोन्ही टोंकांचे रोध जागच्या जागीं. १२० आले असते तर सडक कोठें तरी तुटलेली. शून्याजवळ आलें असतें तर दोन्ही तारा एकमेकींस चिकटलेल्या. "मोठा रस्ता बरा आहे. आता ह्याच्या घराची बोळ बघू," असें म्हणून त्यानें गाडीचें नाक उघडलें.

ए. बी. एस्. च्या नियंत्रकांत तारांचा जुडगा ज्या जोडाने शिरतो त्यास कारागीर 'कपलर' म्हणतात. तो त्यानें उपसून काढला. पुन्हा बॅटरी जोडून, त्यांतील पुरवठ्याच्या घरांशीं एक दिवा लावून पाहिला. मीटर कां नाहीं, असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, मीटर नुसता दाब दाखवितो. एका धाग्यावर टिकून राहिलेली तारहि मीटरला पूर्ण व्होल्ट दाखविते, पण दिव्याचा भार आला कीं तिचें सोंग उघडें पडतें. हें वाक्य आम्हीं त्याच दिवशीं टिपून ठेविलें. आंतरिक रोधाचा धडा शिकवितांना याहून चांगलें आम्हांस सुचलें नव्हतें. दिवा लख्ख लागला. अन्नपुरवठा ठीक, अर्थिंगहि ठीक. मग बॅटरी पुन्हा सोडवून त्याच कपलरमधील कॅनच्या दोन घरांवर सुया टेकविल्या. तेथेंहि ६० यावयास हवे होते. मीटरवरचा आंकडा हजारांत होता व एका जागीं ठरत नव्हता. त्यानें डाव्या हातानें जुडगा हालविला. आंकडा एकदम ६० वर आला आणि पुन्हा पळाला.

"सर, ह्या बाजूला या," तो मध्येंच म्हणाला. आम्ही त्याच्या डावीकडे उभे राहून कांहीं विचारीत होतों. "डाव्या कानानं मला कमी येतं."

आम्हीं विचारलें, केव्हांपासून?

"लहानपणापासून. गालगुंड झाले होते, तेव्हापासून म्हणे." त्याचे डोळे मीटरवर होते.

आमच्या वर्गांत तो तीन वर्षें होता. त्याची जागा आम्हांस अजून आठवते, कारण ती आम्हींच ठरविली होती: रस्त्याच्या खिडकीखालीं, उजव्या भिंतीला लागून, शेवटचें बाक. तो लक्ष देत नाहीं, इतरांचेंहि चित्त विचलित करितो, म्हणून त्यास तेथें बसविलें होतें. म्हणजे आमचा आवाज त्याच्या डाव्या बाजूनें येणार, आणि चांगल्या कानाशीं ट्रकांचे भोंगे. त्याच्या प्रगतिपुस्तकांत आमच्या हस्ताक्षरांत एक शेरा आहे: "विचारलें असतां उत्तर देत नाहीं." इतिहासाच्या व संस्कृताच्या गुरुजींनींहि त्याच अर्थाचे शेरे लिहिले होते. एवढ्या साक्षी पडल्यावर शंकेस जागा कोठें उरते?

"तेव्हां सांगितलें कां नाहींस?" आम्हीं विचारलें.

"पोरांनी चिडवलं असतं, सर." मग जरा थांबून, "हा बघा, इथं आहे."

बॅटरी ज्या तबकावर बसते त्याखालून तारांचा तो जुडगा गेला होता. त्यावरची चिकटपट्टी त्यानें चाकूनें उलगडली. आंत सडकेपासून फुटणाऱ्या तारेचा सांधा होता. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यांत ताक राहिलें म्हणजे जसा हिरवा कळंक चढतो, तसाच त्या सांध्यावर चढला होता. कारागीर त्यास 'कार्बन आला' म्हणतात; रसायनशास्त्राच्या शिक्षकांनीं हें वाचून रागावूं नये. कोरड्या दिवशीं चार धागे एकमेकांस कसेबसे शिवत. पाणी शिरलें, गाडी हादरली कीं सुटत. त्यानें नखानें जरा उचलतांच तो सांधा तुटून हातांत आला. दीड हात तारेची ही गोष्ट होती.

कळंक लागलेला भाग त्यानें चांगली तार लागेपर्यंत कापला, नवा तुकडा घालून डाक दिला, वर नळी चढवून ती गरम करून बसविली, आणि मग दोन्ही तारांस पूर्वीसारखा पीळ घातला. घाईचे लोक पीळ घालीत नाहींत, असें त्यानें सांगितलें. गाडी त्या दिवशीं चालते, आणि महिन्याभरानें दुसऱ्याच कोणावर आळ येतो. जुडगा तबकाखालून न नेतां कडेनें वर बांधला. कपलरवर मीटर लावला. ६०. जुडगा हालविला, ओढला, त्यावर तांब्याभर पाणी ओतलें. ६०. आमच्या कानावर तो आंकडा एखाद्या स्तोत्राच्या धृपदासारखा पडत होता.

नंतर त्यानें विचारलें, जुना ए. बी. एस्. त्या लोकांनीं परत दिला काय? दिला होता; एका खोक्यांत, वर 'निकामी' अशी चिठ्ठी लावून. तो आमच्या पलंगाखालीं होता. दुसऱ्या दिवशीं आम्हीं नेऊन दिला. त्यानें टेबलावर ठेवून त्यास बारा व्होल्टचा पुरवठा दिला, दोन तारांस रोध लाविले व आपल्या संगणकाशीं जोडलें. पडद्यावर आंकड्यांच्या ओळी झरझर उतरूं लागल्या. निकामी ठरलेला तो नियंत्रक व्यवस्थित बोलत होता: चाकांचा वेग शून्य, शून्य, शून्य, शून्य. टेबलावर चाकें नव्हतींच, तेव्हां तेंहि खरेंच होतें. या पद्धतींत ऐकणाऱ्यानें प्रत्येक संदेशाची पोंच द्यावयाची असते. पोंच देणारा कोणीच नसेल तर नियंत्रक गप्प बसत नाहीं. तोच संदेश पुन्हा पुन्हा उच्चारीत राहतो, कोणी तरी ऐकेपर्यंत. हें त्यानें सहज सांगितलें आणि तारा गुंडाळून ठेवूं लागला.

मजुरी त्यानें ७०० रुपये सांगितली. आम्हीं अधिक देऊं केले, ते घेतले नाहींत. संगीतयंत्र पुन्हा बसवून दिलें, त्याचेहि नाहीं. मोठ्या दुरुस्तीगृहास आम्हीं पत्र लिहिलें. एकदां बसविलेला विजेचा भाग परत घेतां येत नाहीं, असें नम्र उत्तर आलें. कन्येचें शुल्क त्या वर्षीं शिक्षकांच्या पतपेढीचें कर्ज काढून भरलें. त्याचे हप्ते अजून चालू आहेत, आणि घरांतील मंडळी त्यांस 'यू-०१२१ चे हप्ते' म्हणतात.

गाडीनें त्यानंतरचा पावसाळा निर्वेध काढला. मातुःश्री आतां घाट लागला कीं पुढच्या फलकाकडे टक लावून बसतात. त्यांस आम्हीं पुष्कळ समजाविलें, पण उपयोग नाहीं.

प्रगतिपुस्तकाचा विषय आम्हीं त्याच्यापाशीं एकदां काढून पाहिला. क्षमा मागावयाची होती. वाक्यें जुळवून ठेविलीं होतीं. तो म्हणाला, "असू द्या हो सर, तेव्हा मी खोड्या करीतच होतो," आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीखालीं शिरला. त्यामुळें तीं वाक्यें तशींच राहिलीं आहेत.

तो जुना नियंत्रक आम्हीं शाळेच्या प्रयोगशाळेस दिला. डिसेंबर २०२४ मध्यें, नाताळच्या सुटीपूर्वीं, आमच्या विनंतीवरून तो गृहस्थ एका शनिवारीं आला व दहावीच्या मुलांस त्यानें तो बोलका करून दाखविला. अकरा वर्षांनीं तो त्या इमारतींत येत होता. मुलांनीं प्रश्नांचा भडिमार केला. बहुतेक जण त्याच्या डाव्या बाजूस दाटीनें बसले होते. आम्हीं त्यांस बाकांसह उजवीकडे यावयास सांगितलें. बाकें ओढण्याचा मोठा गलका झाला. पण कां, हें कोणी विचारलें नाहीं, आणि आम्हींहि सांगितलें नाहीं.